तळ आधी, पाणी नंतर : रेझिनच्या पाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

लघुदेखाव्यात रेझिन ओतून तळे, ओढा किंवा समुद्र कसा उभा करावा, याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी ज्या अडचणी पुन्हा पुन्हा दिसल्या, त्यांना या वेळी उत्तरे देत आहे. वेगळा उल्लेख नसेल तेथे ‘रेझिन’ म्हणजे दोन भाग (रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर) मिसळून वापरायचे पारदर्शक इपॉक्सी रेझिन असे समजावे.

प्रश्न : १:८७ प्रमाणाच्या रेल्वे देखाव्यात मी एक लहान तळे केले. रेझिनमध्ये निळा रंग मिसळला, ते नीट घट्ट झाले, एकही बुडबुडा राहिला नाही. तरीही ते तळे न वाटता निळ्या प्लास्टिकचा तुकडा बसवल्यासारखे दिसते. काय चुकले असेल?

उत्तर : आपण रेझिन उत्तम ओतले आहे, चूक ओतण्यापूर्वीच होऊन गेली आहे. खऱ्या तळ्याच्या काठावर उभे राहून पाहिले, तर पायाशी असलेले पाणी निळे नसते. तेथे ओल्या मातीचा तपकिरी रंग दिसतो, हातभर पुढे तो शेवाळी होतो, आणि मध्यभागी तळ दिसेनासा झाला की हिरवट काळा होतो. निळेपणा दिसतो तो बहुतेक वेळा पृष्ठभागावर पडलेल्या आभाळाच्या प्रतिबिंबाचा असतो. घट्ट झालेल्या रेझिनचा पृष्ठभाग आरशासारखा असल्यामुळे समोर जे असेल त्याचे प्रतिबिंब तो आपोआप दाखवतो. ते काम रंगाने करायला गेले की पाणी अपारदर्शक होते आणि त्याची खोली नाहीशी होते.

म्हणून माझा आग्रह असा, की तळ्यासाठी जेवढा वेळ आपण देणार असाल त्यातला निम्म्याहून अधिक तळ रंगवण्यात घालवावा. काठाशी सभोवतालच्या जमिनीचाच रंग घ्यावा, पण एक छटा गडद, कारण माती भिजली की गडद होते. तेथून मध्याकडे जाताना ऑलिव्ह, मग गडद हिरवा, आणि सर्वांत खोल भागी जवळजवळ काळा रंग द्यावा. दोन रंगांची सीमा ओल्या कुंचल्याने पुसून एकजीव करावी, कारण रेझिनखाली रंगाची रेघ लपत नाही, उलट अधिक ठळक होते. त्यानंतर काठाजवळच्या उथळ पट्ट्यात बारीक वाळू, दोनचार खडे, एखादी बुडालेली काटकी चिकटवावी. एखादा दगड अर्धा पाण्यात आणि अर्धा बाहेर असा बसवलात, तर पाण्याच्या रेषेच्या वर मिलिमीटरभर उंचीचा गडद पट्टा रंगवायला विसरू नये. खऱ्या दगडाला पाणी लागून लागून आलेली ती ओल असते, आणि पाहणाऱ्याची नजर सर्वांत आधी तिथेच जाते.

खोली दाखवण्यासाठी खोल खड्डा लागतो, हाही एक गैरसमज आहे. १:८७ प्रमाणात एक मीटर पाणी म्हणजे फक्त साडेअकरा मिलिमीटर. त्यातही रेझिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, सुमारे १.५५ आहे आणि पाण्याचा १.३३. त्यामुळे वरून सरळ पाहिल्यास १० मिलिमीटर पाणी साडेसात मिलिमीटर भासते, तर तेवढेच रेझिन केवळ साडेसहा मिलिमीटर भासते. रेझिन पाण्यापेक्षाही उथळ दिसते, असा याचा अर्थ. ही तूट जाड थर ओतून भरून काढण्यापेक्षा मध्यभाग अधिक गडद रंगवून भरून काढणे कितीतरी सोपे असते. नीट रंगवलेल्या तळावर पाच-सहा मिलिमीटरचा थर पुरेसा होतो.

रेझिनमध्ये रंग घालायचाच असेल, तर रेझिनसाठी बनवलेला पारदर्शक रंग किंवा अल्कोहोल इंक घ्यावी आणि काडीच्या टोकाला लागेल एवढीच घालावी. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग जास्त झाला, तर रेझिन ढगाळ होते आणि नीट घट्टही होत नाही. गढूळ ओढ्यासाठी मातकट तपकिरी आणि शेवाळलेल्या तळ्यासाठी पिवळसर हिरवी छटा घ्यावी. निळी छटा स्वच्छ समुद्रासाठी राखून ठेवावी. आताचे तळे मात्र फोडू नका. निळ्या थरालाच तळ मानून त्याला बारीक पॉलिश पेपर लावा, वरून वर सांगितल्याप्रमाणे रंग द्या आणि दोन-तीन मिलिमीटर स्वच्छ रेझिन ओता.

प्रश्न : रेझिन ओतून तीन दिवस झाले, तरी काही भाग बोटाला चिकटतो. वरून आणखी हार्डनर लावला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. हार्डनर हा वाळवणारा पदार्थ नव्हे. रेझिनच्या रेणूंशी ठराविक प्रमाणात जोडला जाऊन तो स्वतः त्या घट्ट पदार्थाचा भाग होतो. त्यामुळे तो कमी पडला तरी चिकटपणा राहतो आणि जास्त झाला तरीही राहतो.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो मोजमापात. बाटलीवर दिलेले प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे, हे वाचल्याशिवाय मोजायला बसू नये. समजा, रेझिनची घनता १.१२ आणि हार्डनरची ०.९८ आहे. मग आकारमानाने १००:५० असलेले प्रमाण वजनाने सुमारे १००:४४ होते. ज्याने वजनकाट्यावर १००:५० मोजले, त्याने हार्डनर सातव्या हिश्शाइतका जास्त घातला, आणि हिशेब चोख ठेवूनही त्याचे पाणी चिकट राहिले. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा असावा, आणि एका वेळी २०-३० ग्रॅमपेक्षा कमी मिश्रण शक्यतो करू नये; तीन ग्रॅम हार्डनरमध्ये अर्ध्या ग्रॅमची चूक फार मोठी ठरते.

आपल्याकडे मात्र ‘काही भाग’ चिकट आहे, सगळा नाही. त्यावरून प्रमाणापेक्षा ढवळण्यातच कसूर राहिली असावी असे वाटते. पेला उजेडासमोर धरून पाहा : न मिसळलेल्या मिश्रणात साखरेचा पाक पाण्यात सोडल्यासारख्या तरंगत्या रेघा दिसतात. त्या पूर्ण नाहीशा होईपर्यंत, निदान तीन-चार मिनिटे, पेल्याच्या कडा आणि तळ खरवडत सावकाश ढवळावे. मग सगळे मिश्रण दुसऱ्या कोरड्या पेल्यात ओतून तेथे पुन्हा मिनिटभर ढवळावे, कारण पहिल्या पेल्याच्या भिंतीला लागलेला कच्चा थर ओतताना शेवटी खाली येतो आणि नेमका तोच पृष्ठभागावर चिकट डाग ठेवून जातो. पहिला पेला देखाव्यावर उपडा करून निथळत ठेवण्याचा मोह टाळावा.

खोलीचे तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस असावे. थंडीत रेझिन घट्ट व्हायला फार वेळ लागतो, त्यामुळे आधी देखावा उबदार जागी हलवून आणखी दोन दिवस वाट पाहा. तरीही भाग चिकटच राहिला, तर तेथील ओला पदार्थ काडीने निपटून काढावा आणि त्यावर नीट मोजलेले, नीट ढवळलेले ताजे रेझिन पातळ ओतावे. खालचा थर किंचित मऊ असला तरी वरच्या घट्ट थराखाली तो झाकला जातो.

दमट हवेत मात्र एक वेगळाच प्रकार होतो. पृष्ठभागावर मेणचट, पांढुरकी साय आल्यासारखी दिसते आणि हात फिरवला की ओशट लागते. हार्डनरमधील अमाईन हवेतील कार्बन डायऑक्साइडशी आणि बाष्पाशी संयोग पावल्यामुळे ती येते. साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने ती पुसून निघते. पुसण्यापूर्वी पॉलिश पेपरने घासू नये, आणि न पुसता दुसरा थर तर मुळीच ओतू नये, कारण तो पुढे सुटतो.

प्रश्न : थर्माकोल कोरून नदीचे पात्र केले आणि एकाच वेळी सुमारे २५ मिलिमीटर रेझिन ओतले. काही वेळाने ते इतके तापले की हात लावता येईना. सकाळी मधोमध तडा गेलेला आणि काठ आत ओढलेले दिसले. रेझिन सदोष होते का?

उत्तर : रेझिन सदोष असण्याचे कारण दिसत नाही. अगदी हेच माझ्या पहिल्या मोठ्या देखाव्यात झाले होते. महिनाभर खपून केलेला दगडी पूल एका बाजूला कलला, आणि त्याच्या खांबांखालचा थर्माकोल आकसून गेलेला मला दुसऱ्या दिवशी दिसला. त्या सकाळची आठवण अजूनही बोचते, म्हणून आपली हळहळ मला समजते.

रेझिन आणि हार्डनर जोडले जाताना उष्णता बाहेर पडते. पातळ थरात ती हवेत निघून जाते. जाड थरात ती आतच कोंडते, तापलेले रेझिन आणखी वेगाने घट्ट होते आणि त्यामुळे आणखी तापते. जलद घट्ट होणाऱ्या रेझिनच्या जाड थराचे तापमान १०० अंशांच्या पलीकडे जाऊ शकते, तर थर्माकोल ८० अंशांच्या आसपासच आकसू लागतो. पुढे रेझिन थंड होताना आकुंचन पावते, कडा पात्राला चिकटलेल्या असतात, आणि तो ताण तड्याच्या रूपाने मोकळा होतो.

लेपासाठीचे साधे रेझिन असेल, तर एका वेळी तीन ते सहा मिलिमीटरपेक्षा जास्त ओतू नये. जाड ओतकामासाठी मुद्दाम सावकाश घट्ट होणारे रेझिन वेगळे मिळते. त्याच्या बाटलीवर कमाल जाडी लिहिलेली असते आणि ती पाळावी. थरांवर थर देताना खालचा थर बोटाला चिकटतो पण बोट ओले करत नाही, अशा अवस्थेत असतानाच दुसरा ओतला, तर दोन्ही एकजीव होतात. ती वेळ टळली, तर पूर्ण दिवस थांबावे, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे, धूळ पुसावी आणि मग ओतावे. घासल्यावर पृष्ठभाग धुरकट होतो खरा, पण नवे रेझिन त्या ओरखड्यांत भरले की धुरकटपणा पूर्ण नाहीसा होतो.

पेल्यात उरलेले मिश्रणही तापते, त्यामुळे मिसळल्यावर पेला हातात धरून रेंगाळू नये. पॉलिएस्टर रेझिन वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : त्यातील स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकते. इपॉक्सी तसे करीत नाही. ते फक्त उष्णतेने नुकसान करते.

प्रश्न : ओतल्यानंतर तासाभराने तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागतात. सावकाश ढवळूनही हे थांबत नाही. शिवाय गवताच्या काड्यांवर आणि काठावर रेझिन चढते.

उत्तर : तासाभराने येणारे बुडबुडे ढवळण्याचे नसून तळाचे असतात. प्लास्टर, वाळू, लाकूड, कागदाचा लगदा यांच्या छिद्रांत हवा असते, आणि रेझिन तापू लागले की ती प्रसरण पावून बाहेर पडते. यावर खात्रीचा उपाय एकच. रंगकाम पूर्ण वाळल्यावर मिश्रणाचा अगदी पातळ हात कुंचल्याने सगळ्या तळावर, खड्यांच्या फटींसकट, फिरवावा आणि तो घट्ट होऊ द्यावा. या हाताने छिद्रेही बुजतात आणि पात्राला कुठे गळती असेल तर तीही थोड्या रेझिनवरच उघडकीस येते. गळती फार त्रास देते. देखाव्याच्या कडेला लावलेल्या टेपखालून रात्रभर एक एक थेंब निसटून सकाळी तळे कोरडे पडलेले अनेकांनी पाहिले आहे. ओतण्यापूर्वी देखाव्याखालची फळी पाणसळ लावून समतल करावी, हेही येथेच सांगतो, कारण रेझिन पाण्यासारखेच आपली पातळी स्वतः शोधते आणि कललेला देखावा तसाच कायमचा राहतो.

ढवळताना शिरलेल्या हवेसाठी रेझिनची बंद बाटली दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावी. रेझिन पातळ होते आणि हवा लवकर सुटते. मात्र मिश्रण हाताळायला मिळणारा वेळही त्यामुळे कमी होतो. वर आलेले बुडबुडे सुईने फोडावेत किंवा दुरून गरम हवेचा हलका झोत द्यावा. ज्योत वापरण्याची शिफारस मी लघुदेखाव्यासाठी करीत नाही, कारण कृत्रिम गवत आणि झाडे क्षणात पेट घेतात.

काठावर चढण्याचा गुण बहुतेक द्रवांचा आहे. भिंगातून पाहिले, तर गवताच्या काडीभोवती रेझिनचा एक छोटा शंकू उभा राहिलेला दिसतो, आणि काडी तंतुमय असेल तर दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते आणखी वर जाते. म्हणून पाण्यात उभी करायची काडी आधी वार्निशमध्ये बुडवून वाळवावी. शक्य असेल तेथे रेझिन घट्ट झाल्यावर बारीक छिद्र पाडून मग ती रोवावी. काठावर चढून चकाकणारी किनार दिसली, तर तिच्यावर चकाकी नसलेले मॅट वार्निश लावावे आणि थोडी माती किंवा गवत चिकटवावे. तेवढ्याने ती झाकते.

प्रश्न : यूव्ही (अतिनील) दिव्याखाली घट्ट होणारे रेझिन मिनिटांत तयार होते. मग इपॉक्सीसाठी दिवस का घालवावेत?

उत्तर : डबके, बादलीतले पाणी, पानावरचा थेंब, चाकोरीत साचलेले पाणी यांसाठी यूव्ही रेझिन उत्तमच. तळ्यासाठी नाही. ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश जेथे पोहोचतो तेथेच ते घट्ट होते. खडकाच्या कपारीत किंवा पुलाच्या सावलीत ते ओले राहते आणि पुढे पाझरते. थर एक-दोन मिलिमीटरचाच द्यावा लागतो, आणि घट्ट होताना ते बरेच आकसते, त्यामुळे मोठ्या थराच्या कडा सुटतात.

प्रश्न : १:७२ प्रमाणातील मोटरबोट समुद्रात चाललेली दाखवायची आहे. लाटा आणि बोटीमागची पांढरी वाट विश्वसनीय कशी करावी? याच पद्धतीने धबधबाही होईल का?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मला विशेष आनंद होतो, कारण येथे निरीक्षणाला हाताइतकेच महत्त्व आहे. रेझिन स्वतः सपाट होते. त्यात लाट उभी राहत नाही. लाटा करायच्या त्या घट्ट झालेल्या रेझिनवर, चकाकणाऱ्या ॲक्रिलिक जेल माध्यमाने. ते लावताना दुधासारखे पांढरे असते आणि वाळल्यावर पारदर्शक होते. त्यातील पाणी उडून जात असल्यामुळे लाट थोडी बसते, म्हणून दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकदम जाड थापले, तर आतून दिवसेंदिवस दुधाळ राहते.

आकाराबाबत दोन मापे लक्षात ठेवावीत. खोल पाण्यात लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या हिश्शापलीकडे गेली की ती फुटते. म्हणजे एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत ७० मिलिमीटर अंतर असेल, तर न फुटलेली लाट १० मिलिमीटरपेक्षा उंच असूच शकत नाही. नवख्या हाताचा समुद्र बहुधा येथेच फसतो : लाटा उंच आणि दाटीवाटीच्या होतात, आणि बोट खेळण्यासारखी दिसू लागते. दुसरे माप बोटीच्या वाटेचे. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले, की खोल पाण्यातून जाणाऱ्या नौकेमागच्या लाटांची पाचर दोन्ही बाजूंना साडेएकोणीस अंशांच्या रेषांत सामावते, मग नौका छोटी असो की मोठी. फार वेगाने जाणारी बोट असेल तर उंच लाटा त्याहून अरुंद कोनात दिसतात, पण साधारण वेगासाठी हे माप नि:शंक वापरावे. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागे १० सेंटिमीटर मोजावे आणि तेथे दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटिमीटरवर खूण करावी; नाळेपासून त्या खुणांकडे पेन्सिलीने फिकट रेघा ओढल्या की आराखडा तयार झाला.

त्या रेघांवर एकच अखंड वरंबा घालू नये. जवळून पाहिले, तर ती रेघ लहान लहान तिरप्या लाटांची बनलेली असते. प्रत्येक लाट मागच्या लाटेच्या टोकाशी किंचित झाकलेली, पायऱ्यांसारखी. जेलचे छोटे तिरपे फटकारे एकामागोमाग एक ओढले, की हा परिणाम साधतो. बोटीचा तळ पहिल्या थरात बसवलेला असावा, म्हणजे ती पाण्यावर ठेवल्यासारखी न वाटता पाण्यात असल्यासारखी वाटेल. पंख्यामागचा घुसळलेला पट्टा पांढराशुभ्र नसतो. त्याखाली हवा मिसळलेल्या पाण्याची फिकट हिरवट निळी छटा असते. ती आधी द्यावी, मग वर पांढरा फेस जेलमध्ये कालवून टिपक्यांनी उठवावा, आणि मागे जाताना त्याची जाळी विरळ करत न्यावी. लाटांच्या शिखरांवर पांढरा रंग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने, फक्त स्पर्श होईल असा, लावावा. मोजक्या शिखरांवर; सगळ्यांवर नाही.

शांत तळ्यावर मात्र बारीक तरंग उठवण्याच्या भरीस पडू नये. वाऱ्याने उठणारे दीड-पावणेदोन सेंटिमीटरहून लहान तरंग १:७२ प्रमाणात पाव मिलिमीटरइतकेही भरत नाहीत. तेवढे बारीक काम कुंचल्याने होत नाही, म्हणून गुळगुळीत पृष्ठभागच खरा वाटतो.

धबधब्यासाठीही हेच जेल वापरावे. गुळगुळीत प्लास्टिकच्या पत्र्यावर त्याचे लांब पदर ओढून दोन दिवस वाळवावेत, सोलून काढावेत आणि कड्यावर वरून खाली चिकटवून सांधे ताज्या जेलने बुजवावेत. पारदर्शक सिलिकॉननेही पदर होतात, पण त्यावर रंग धरत नाही. पांढरा रंग पाणी कड्यावरून सुटते तेथे थोडा आणि खाली आदळते तेथे भरपूर द्यावा.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा हे काम करू पाहतो. रेझिनला फारसा वास नाही, म्हणजे ते निर्धोक समजावे का?

उत्तर : नाही, आणि हे उत्तर कृपया गांभीर्याने घ्यावे. इपॉक्सीचा मुख्य धोका नाकाला कळत नाही. तो त्वचेला असतो. कच्चे रेझिन आणि हार्डनर वारंवार अंगाला लागले, तर शरीरात त्यांची ॲलर्जी तयार होऊ शकते. ती अनेक महिने काहीच न होता एके दिवशी खाज आणि पुरळ घेऊन उभी राहते, आणि एकदा जडली की बहुधा आयुष्यभर सोबत राहते. यूव्ही रेझिनलाही हेच लागू आहे.

मोजणे, ढवळणे आणि ओतणे आपण स्वतः करावे. मुलाने तळ रंगवावा, खडे लावावेत, घट्ट झालेल्या पाण्यावर लाटा उठवाव्यात. त्यातच खरी कला आहे, त्यामुळे त्याच्या वाट्याला दुय्यम काम येणार नाही. आपण नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्वचेला लागलेच, तर साबणाने आणि पाण्याने धुवावे. थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नये, कारण त्याने रेझिन त्वचेत अधिक शिरते. घट्ट रेझिन घासताना पाणी लावून घासावे, म्हणजे धूळ उडत नाही. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये. पेल्यातच घट्ट होऊ द्यावे आणि मग कचऱ्यात टाकावे.

प्रश्न : तयार पाणी पुढे पिवळे पडते असे ऐकले. ते टाळता येते का? पृष्ठभागावर धुळीचे कणही बसले आहेत.

उत्तर : पिवळेपणा पूर्ण टळत नाही, लांबवता येतो. अतिनील किरणांनी रेझिन पिवळे होते, म्हणून देखावा थेट उन्हात ठेवू नये आणि अतिनीलरोधक मिसळलेले रेझिन घ्यावे. तपकिरी किंवा हिरवट छटेच्या पाण्यात थोडा पिवळेपणा आला तरी तो दिसत नाही. स्वच्छ समुद्रात लगेच दिसतो.

धुळीसाठी ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासायला सुरुवात करावी, मग १०००, १५०० आणि २००० असे चढत जावे, शेवटी पॉलिश लावावे. जागा अडचणीची असेल, तर कण खरवडून चकाकणाऱ्या वार्निशचा एक हात द्यावा. पुढच्या वेळी देखाव्यावर उपडे घालता येईल असे खोके मिश्रण कालवण्यापूर्वीच जवळ आणून ठेवावे, त्याची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसावी, आणि ओतल्याबरोबर झाकून चोवीस तास उघडून पाहू नये.